ठेका कुणाचा?

मागच्या वर्षी दिवाळीच्या आसपास मला एक फॉर्म आला. आमच्या जुन्या बँडने वाजवलेला साडेपाच मिनिटांचा एक तुकडा एका माहितीपटात वापरायचा आहे, तरी परवानगी द्यावी, असं सोबतच्या पत्रात लिहिलं होतं. फॉर्ममध्ये नाव, पत्ता, बँकेचा तपशील आणि मग एक रकाना होता : ‘संगीतकार’. एका नावापुरतीच जागा. असाच रकाना मी वीस वर्षांपूर्वी एकदा भरला होता आणि त्यात फक्त माझं नाव लिहिलं होतं. या वेळी हात थांबला.

ती गोष्ट आधी सांगायला हवी. १९९६ साली आम्ही चौघं पुण्यात कॉलेजात होतो. आमच्यातल्या एकाच्या वडिलांची पेठेत पिठाची गिरणी होती आणि गिरणीच्या वरची खोली रिकामी होती. तिथे आम्ही एक जुना ड्रमसेट, बेस गिटार, माझी गिटार आणि मांडववाल्याकडून भाड्याने आणलेला माइक एवढं सामान जमवलं होतं. आम्ही जे वाजवायचो त्याला आम्ही रॉक म्हणायचो. काकू त्याला ‘तुमचं ते’ म्हणायच्या. बँडला नाव काय द्यायचं यावर आमचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही.

गिरणी दुपारी बंद असायची, तोच आमचा सरावाचा वेळ. संध्याकाळी काका मोटर सुरू करायचे आणि खालून आवाज यायला लागला की आम्ही आवरतं घ्यायचो. मोटरवरून जात्याकडे जाणाऱ्या पट्ट्याला एका ठिकाणी सांधा होता. तो सांधा पुलीवरून जाताना ‘टप्प’ असा वाजायचा. एका संध्याकाळी आमच्या ड्रमरने, म्हणजे गिरणीवाल्यांच्या मुलाने, आवरतं न घेता त्या ‘टप्प’ला धरून वाजवायला सुरुवात केली. सम कुठे आहे तेच आम्हाला कळेना. अर्धा तास तो तेच, तसंच वाजवत राहिला. मग बेसवाल्याला वाट सापडली, मग मला एक सुरावट सुचली. गायकाकडे शब्द नव्हते, तेव्हा त्याने खाली रांगेत लागलेल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या म्हणायला सुरुवात केली : कुणाचे गहू, किती किलो, जाड की बारीक. हे सगळं आम्ही साध्या टेपरेकॉर्डरवर घेतलं. पुढे एका मित्राच्या ओळखीने स्टुडिओत दोन तास मिळाले, तिथे पुन्हा वाजवलं. आमच्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम तेच.

२००४ साली एका लघुपटासाठी कुणीतरी तो तुकडा मागितला. तोवर मी नोकरीनिमित्त बंगळुरूला आलो होतो. फॉर्म माझ्याकडे आला, मी भरला. सुरावट माझी होती, त्यामुळे खोटं लिहितोय असं वाटलंही नाही. बारा हजार रुपये मिळाले. नंतर तिघांना फोन करून सांगितलं. बेसवाला म्हणाला, पार्टी दे. गायक हसला. ड्रमर म्हणाला, “छान झालं. पण ठेका कुणाचा असं कुणी विचारलं, तर काय सांगशील?”

मी म्हणालो, “गिरणीचा.”

तोही हसला. त्यानंतर आम्ही लग्नाकार्यात भेटत राहिलो. विषय पुन्हा निघाला नाही. माझा विनोद चांगला होता, म्हणूनच तो इतकी वर्षं टोचत राहिला असावा.

त्या खोलीत आम्ही ज्या कॅसेटची नक्कल करायला धडपडत होतो, ती ‘कॅन’ या जर्मन बँडची होती. बेसवाल्याच्या भावाने परदेशातून आणलेली. नवा फॉर्म समोर ठेवून मी पुन्हा त्यांच्याकडे वळलो, कारण ‘संगीतकार’ या रकान्याचा प्रश्न त्यांनी आमच्या जन्माआधीच सोडवला होता. निदान तसं दिसतं तरी.

कॅनची सुरुवात १९६८ साली कोलोनमध्ये झाली. इरमिन श्मिट हा पियानोवादक आणि ऑर्केस्ट्राचा संचालक, तर होल्गर चुकाय मूळचा डान्झिगचा. दोघंही कार्लहाइन्झ श्टॉकहाउझेन या आधुनिक संगीतातल्या मोठ्या गुरूचे विद्यार्थी. श्मिट १९६६ मध्ये एका संचालन-स्पर्धेसाठी न्यूयॉर्कला गेला आणि तिथलं नवं संगीत ऐकून, ऑर्केस्ट्रापुढे काठी घेऊन उभं राहण्याचा त्याचा उत्साहच मावळला. चुकाय संगीताच्या शिकवण्या करायचा. त्याचा एक विद्यार्थी होता मिखाएल कारोली, वयाने दहा वर्षांनी लहान. त्याने मास्तरांना बीटल्स ऐकवले आणि रॉकमध्येही काही करता येईल हे मास्तरांना शिष्याकडून कळलं. चौथा याकी लीबेत्साइट, जाझ वाजवणारा ड्रमर. तो ज्या प्रकारचा जाझ वाजवायचा त्यात सगळंच मोकळं, कुणी कुठेही जावं. त्याला कुणीतरी येऊन ‘एकसुरी वाजवायला हवंस’ असं सुनावलं, असा किस्सा सांगतात. त्याने तो सल्ला मनावर घेतला. पुढची दहा वर्षं तो यंत्रासारखा, तरीही कुठल्याच यंत्राला जमणार नाही असा, एकच ठेका धरून वाजवत राहिला.

सुरुवातीला डेव्हिड जॉन्सन नावाचा अमेरिकन बासरीवादकही होता, तो वर्षभरातच गेला. गायक म्हणून आला मॅल्कम मूनी, न्यूयॉर्कचा कृष्णवर्णीय शिल्पकार. नॉर्वेनिख नावाच्या गावातल्या एका गढीत त्यांना बिनभाड्याची जागा मिळाली. तिथे दोन ट्रॅकच्या यंत्रावर १९६९ सालची त्यांची पहिली तबकडी ‘मॉन्स्टर मूव्ही’ तयार झाली. तिची दुसरी बाजू म्हणजे वीस मिनिटांचा एकच तुकडा आहे. काही तास चाललेल्या वादनातून तो कापून काढलेला आहे. त्याचे शब्द मूनीला त्याच्या मैत्रिणीने पाठवलेल्या पत्रातले. आमच्या गायकाने डब्यांवरच्या चिठ्ठ्या म्हटल्या तेव्हा त्याला हे ठाऊक नव्हतं. पण गाण्यासाठी शब्द लिहावे लागत नाहीत, ते आसपास पडलेले असतात, हे आम्ही त्या कॅसेटवरूनच शिकलो होतो.

बँडचं नावही असंच आसपास सापडलेलं. इंग्रजीत त्याचा अर्थ डबा. पण त्याच रोमन अक्षरांचा तुर्की भाषेतला उच्चार ‘जान’ असा होतो आणि अर्थही तोच, जो आपण फारसीतून घेतलेल्या ‘जान’चा. १९६१च्या करारानंतर जर्मनीत तुर्की कामगार मोठ्या संख्येने आले होते. १९७२च्या ‘एगे बाम्यासी’ या तबकडीचं तर नावच तुर्की आहे आणि मुखपृष्ठावर भेंडीचा डबा आहे. जात्याच्या रांगेत लावलेला डबा आणि जीव, दोन्ही एकाच नावात. मला हे नाव फार आवडतं.

आता रकान्याबद्दल. कॅनच्या त्या काळातल्या तबकड्यांवर रचनाकार म्हणून कुणा एकाचं नाव नाही. रचना कॅनची, आणि कॅन म्हणजे त्या वेळी खोलीत असलेले सगळे. सूर कुणाला सुचला, शब्द कुणाचे, ठेका कुणाचा, हे वेगळं मोजायचं नाही. हिस्से सारखे. स्वतः काय करतो हे सांगताना ते ‘उत्स्फूर्त रचना’ अशा अर्थाचा शब्द वापरत. म्हणजे आधी कुणी लिहून आणलेलं नाही, सगळे मिळून, वाजवता वाजवता.

यामागे तरुणपणाची हौस होती, तसा इतिहासही होता. श्मिट १९३७चा, चुकाय आणि लीबेत्साइट १९३८चे. ज्या भाषेत ‘नेता’ या अर्थाचा साधा शब्द ‘फ्युरर’ आहे, त्या भाषेत ही मुलं ढिगाऱ्यांमध्ये वाढली. वडीलधाऱ्यांच्या पिढीने एका माणसाच्या मागे जाऊन काय केलं, हे त्यांना घरात आणि शाळेत विचारावं लागलं, आणि उत्तर मिळालं नाही. तेव्हा बँडमध्ये नेता नको, ही त्यांच्यासाठी सौंदर्यशास्त्राइतकीच नीतीची गोष्ट होती.

पण हे न्याय्य आहे का? ॲरिस्टॉटल म्हणतो, न्याय म्हणजे प्रमाण : ज्याचं जेवढं, त्याला तेवढं. या मापाने पाहिलं तर सारखे हिस्से हा उलट अन्याय ठरतो. इतर जण वाजवून घरी जात, चुकाय मात्र तासन्‌तासांची टेप ऐकत बसे, ब्लेडने कापे, जोडे. ‘टागो मागो’सारख्या तबकडीचा आजचा आकार बराचसा त्याच्या कात्रीतून आलेला. मग त्याला आणि बाकीच्यांना सारखंच?

अमर्त्य सेन यांनी ‘द आयडिया ऑफ जस्टिस’मध्ये एका बासरीसाठी भांडणाऱ्या तीन मुलांचं उदाहरण दिलं आहे. एकाला बासरी वाजवता येते. दुसऱ्याकडे एकही खेळणं नाही. तिसऱ्याने ती स्वतः बनवली आहे. तिघांचेही दावे खरे, आणि एकाचा निवडावा तर बाकीच्या दोघांवर काहीतरी अन्याय होतोच. मला हे उदाहरण फार वर्षं पुरलं. पण बँडच्या बाबतीत ते एका जागी अडतं. सेन यांच्या गोष्टीत बासरी आधीच आहे, प्रश्न आहे तो ती कुणाला द्यायची एवढाच. आमच्या खोलीत मात्र ती बासरी चौघांनी एकदम फुंकली तरच होती. एकाने हात काढला असता तर वाटून घ्यायला काही उरलंच नसतं.

गंमत म्हणजे आपल्या कायद्याला हे कळतं. १९५७च्या भारतीय प्रताधिकार कायद्यात ‘संयुक्त कर्तृत्वा’ची व्याख्या आहे : दोन किंवा अधिक कर्त्यांनी मिळून केलेलं असं काम, ज्यात एकाचा वाटा दुसऱ्याच्या वाट्यापासून वेगळा काढता येत नाही. म्हणजे वेगळा काढता न येणं ही कायद्याच्या लेखी अडचण नाही, तीच त्या कामाची ओळख आहे. माझ्या फॉर्मला मात्र एकच नाव हवं होतं, आणि २००४ साली मला ते सोयीचं वाटलं.

माझ्या सोयीच्या बाजूने एक जुना युक्तिवादही होता. आपल्याकडे ठेका कुणाच्या मालकीचा नसतो. तीनतालाचा ठेका कुणी रचला, हे कुणी विचारत नाही. म्हणून मैफलीच्या पत्रिकेत गायकाचं नाव मोठ्या अक्षरात आणि तबलजीचं त्याखाली ‘साथ’ म्हणून छापलेलं आपल्याला खटकत नाही. ठेका म्हणजे जमीन, रचना म्हणजे वरचं घर, अशी आपली समजूत. पण आमच्या खोलीतला तो ठेका त्या संध्याकाळपूर्वी जगात नव्हता. आणि घर बांधल्यावर जमीन कुणाची हे विसरून जाणाऱ्याला आपण एरवी काय म्हणतो, ते मला माहीत आहे.

यावर बरेच दिवस विचार करून मी ज्या मताला आलो, ते असं. सारखा हिस्सा हा झालेल्या कामाचा मोबदला नाहीच. मोबदला असता तर मापं काढावी लागली असती आणि ॲरिस्टॉटलचं म्हणणं बरोबर ठरलं असतं. सारखा हिस्सा हे कामाच्या आधी एकमेकांना दिलेलं वचन आहे. ‘तू काय केलंस ते मी नंतर मोजणार नाही’ असं ते वचन. ते दिलेलं असलं तरच ड्रमर अर्धा तास एकच ठेका धरून बसू शकतो. नंतर मोजदाद होणार हे त्याला ठाऊक असतं, तर त्यानेही दर चार मात्रांनी काहीतरी चमकदार केलं असतं, दिसेल असं, नावावर लागेल असं. मग मला सुरावट सुचायला जागाच उरली नसती. लीबेत्साइटने आपलं सगळं कसब बाजूला ठेवून जो संयम पाळला, तो अशा वचनाशिवाय एक तर मूर्खपणा ठरला असता, नाही तर गुलामी.

म्हणून मी २००४ साली जे केलं त्याला चोरी म्हणणं पुरेसं नाही. मी फक्त त्याचा वाटा घेतला असं नाही. मी मागे जाऊन त्या संध्याकाळचा अर्थ बदलला. त्या खोलीत चौघं मिळून काहीतरी करत होते, ते मी ‘एक जण रचत होता आणि तिघं त्याला साथ करत होते’ असं करून टाकलं. वचन मोडल्याने पुढचं बिघडतं हे आपल्याला माहीत असतं. मागचंही बिघडतं, हे मला उशिरा कळलं.

इथे थांबलो असतो तर निबंध सोपा झाला असता : कॅनसारखं वागावं, सगळ्यांची नावं घालावीत. पण कॅनची गोष्ट इथे संपत नाही, आणि तिचा उरलेला भाग मला जास्त छळतो.

मॅल्कम मूनी एखादा शब्द किंवा ओळ धरली की सोडत नसे. एका चित्रप्रदर्शनात वाजवताना तो ‘वर, खाली, वर, खाली’ अशा अर्थाचे दोनच शब्द ओरडत राहिला, आणि बँड थांबल्यावरही किती तरी वेळ थांबला नाही, असं सांगितलं जातं. ऐकणाऱ्यांना तो कलेचा भाग वाटला असेल. पण त्या माणसाचं काहीतरी तुटत होतं. १९७० मध्ये मानसोपचारतज्ज्ञाच्या सल्ल्यावरून तो अमेरिकेला परत गेला. ज्या बँडची सगळी मदार एकमेकांना ऐकण्यावर, त्या बँडला त्याच्या आवाजातून संगीत ऐकू येत होतं. माणूस कुणाला ऐकू येत होता? मी त्यांना दोष देत नाही. जवळ बसून ऐकणाऱ्यालाच कधी कधी हे कळत नाही, आणि आम्हीही त्या खोलीत एकमेकांबद्दल फारसं काही जाणत नव्हतो.

त्यानंतर त्याच वर्षी म्युनिकमध्ये चुकाय आणि लीबेत्साइट कॅफेबाहेर बसले असताना त्यांना रस्त्यावर गाणारा एक जपानी तरुण दिसला. आज रात्री आमच्याबरोबर गाशील का, असं त्यांनी विचारलं. तो दामो सुझुकी. त्याच रात्री, एकही सराव न करता, तो त्यांच्याबरोबर मंचावर होता. परीक्षा नाही, अट नाही आणि हिस्सा सारखा. या औदार्याला मी अजूनही सलाम करतो. ‘टागो मागो’, ‘एगे बाम्यासी’, ‘फ्यूचर डेज’ या तिन्ही तबकड्यांत सुझुकी आहे. ‘स्पून’ हे गाणं टीव्हीवरच्या एका मालिकेमुळे जर्मनीत सहाव्या क्रमांकापर्यंत पोचलं, तेही त्याच्याच आवाजातलं. १९७३ मध्ये तो गेला. त्याची वाट धर्माकडे वळली होती.

आणि चुकाय. १९७७ मध्ये ट्रॅफिक या इंग्लिश बँडमधले रोस्को जी आणि रीबॉप क्वाकू बा कॅनमध्ये आले. रोस्को जी बेस उत्तम वाजवायचा, तेव्हा बेस त्याच्याकडे गेला. चुकाय रेडिओ आणि टेपचे आवाज घेऊन कोपऱ्यात गेला आणि त्याच वर्षी बाहेर पडला. ज्या बँडची स्थापना त्याने केली होती, त्याच्या १९७९च्या तबकडीवर त्याच्याकडे उरलं ते फक्त टेप कापण्याचं काम. त्याला कुणी काढलं? नेता नव्हताच, तेव्हा कुणीच काढलं नाही. मला हेच भयंकर वाटतं. नेता असता तर निदान त्याच्याशी भांडता आलं असतं. सगळे सारखे असले की बाहेर ढकलणारा हातही सगळ्यांचा असतो, म्हणजे कुणाचाच नसतो.

जो फ्रीमन या अमेरिकन लेखिकेने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला स्त्रियांच्या गटांबद्दल नेमकं हेच लिहिलं होतं : रचना नाकारलेल्या गटातही सत्ता असतेच, फक्त ती दिसत नाही म्हणून तिला जाब विचारता येत नाही. हे समजायला अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही. आपल्याकडे सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. पहारा बदलला की ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, वाजवणाऱ्याचं नाव कुणी विचारत नाही. सामूहिक कर्तृत्वाचं याहून सुंदर चित्र मला माहीत नाही. पण चोखोबांची समाधी पंढरपूरच्या महाद्वाराबाहेर आहे, आणि ते दार सगळ्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषणाला बसावं लागलं. सगळे सारखे असं म्हणणाऱ्यांमध्येच कुणाची जागा कुठे, हे कुणीतरी ठरवत आलेलं आहे.

म्हणजे वचन पुरेसं नाही. नाव वाटून दिलं की जबाबदारी संपत नाही. ज्याच्याबरोबर नाव वाटून घेतलं त्या माणसाकडे बघत राहावं लागतं : तो अजून इथे आहे का, बोलत नाही तो का बोलत नाही, हसला तो कशासाठी हसला. कॅनने नावाचा प्रश्न सोडवला आणि माणसांपाशी ते अडखळले. मी तर नावापाशीच अडखळलो, त्यामुळे पुढच्या परीक्षेला बसायची वेळच माझ्यावर आली नाही.

कारोली २००१ मध्ये गेला. लीबेत्साइट आणि चुकाय दोघंही २०१७ मध्ये. सुझुकी २०२४च्या फेब्रुवारीत. उत्तरायुष्यात सुझुकी गावोगावी फिरायचा आणि ज्या गावात जाईल तिथल्या अनोळखी वादकांबरोबर सराव न करता गायचा. म्युनिकच्या रस्त्यावर त्याला जे मिळालं होतं, ते तो इतरांना देत राहिला, असं मला वाटतं. त्याच्या जाण्याची बातमी वाचली तेव्हा ड्रमरला कळवावं असं मनात आलं होतं. कळवलं नाही.

शेवटी फॉर्मच्या निमित्ताने फोन केला. तोच आता गिरणी चालवतो. मी त्याला माहितीपटाचं सांगितलं आणि मग, जरा अडखळत, २००४चंही.

“बारा हजारांचं म्हणतोस?” तो म्हणाला.

“बारा हजारांचं नाही. तेव्हा तुमची सगळ्यांची नावं घालायला हवी होती.”

“घालायला हवी होतीस, हे खरं. पण त्याच्याआधी विचारायला हवं होतंस. विचारलं असतंस तर मी कदाचित म्हटलं असतं, घाल तुझंच.”

मी गप्प. एवढा विचार करून, एवढं वाचून मी वचनापर्यंत पोचलो होतो. तो एका वाक्यात त्याच्याही मागे गेला. विचारायचं असतं.

मग तोच म्हणाला, “तू ‘गिरणीचा’ म्हणालास ना, ते मी घरी बाबांना सांगितलं होतं. त्यांना इतका आनंद झाला. सहा महिने येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत होते, आमच्या मशीनवर सिनेमाचं गाणं झालंय म्हणून.”

मला हे माहीत नव्हतं. काकांना जाऊन आता नऊ वर्षं झाली.

“सिनेमा त्यांनी बघितला का?”

“बघितला. मीच आणला होता, सीडीवर. शेवटी नावं आली तेव्हा जवळ जाऊन वाचत होते.” थोडं थांबून तो म्हणाला, “काही बोलले नाहीत.”

तो पट्टा आता राहिलेला नाही, हेही त्याच्याकडूनच कळलं. नवं यंत्र थेट मोटरवर चालतं, सांधाच नाही. तो ठेका आता फक्त आमच्या रेकॉर्डिंगमध्ये आहे.

फॉर्ममध्ये मी चौघांची नावं अकारविल्हे लिहिली. त्यात माझं तिसरं येतं. दोन दिवसांनी उत्तर आलं : कृपया एकच नाव द्यावे. मी कायद्यातली ती व्याख्या उतरवून परत पाठवली आहे. बेसवाल्याला विचारलं, तो हो म्हणाला. गायकाचा नंबर बदललाय. त्याचा शोध चालू आहे, कारण त्यालाही विचारायचं आहे.